उतारावरचे पिवळे बाण

मित्रांनो, तुम्ही शाळेत फाटक्या छत्रीचे मनोगत लिहिले असेल, बंद पडलेल्या घड्याळाचेही लिहिले असेल. गुडघ्याला मात्र आजवर कोणी बोलते केले नाही. आमचे नाव निघते ते कोणाची तरी टिंगल करताना. 'याची अक्कल गुडघ्यात आहे' असे म्हणून लोक मोकळे होतात. म्हणून आज मीच तोंड उघडायचे ठरवले आहे. मी एक जुना, उजवा गुडघा आहे. वय वर्षे एकोणपन्नास. अक्कल माझ्यात होती की नाही, ते तुम्ही सगळे ऐकून झाल्यावर ठरवा.

माझ्या मालकीणबाई पाट्या रंगवतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, 'येथे वाहने लावू नयेत' अशासुद्धा. सगळे त्यांना पाटीवाल्या ताई म्हणतात. मी नुसते बाई म्हणतो. पाटीचा खालचा भाग रंगवायचा असला की बाई उजवा गुडघा जमिनीवर टेकवून बसतात. खाली ना गोणपाट, ना उशी. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक विजारीला माझ्यासमोरच भोक पडते. ते भोक म्हणजे माझी खिडकी. मी जग पाहिले ते तिथून, टर्पेंटाइनचा वास घेत.

माझे बालपण फार लाडात गेले. जन्मलो तेव्हा माझी वाटी अजून हाडाची झाली नव्हती, मऊ होती. बाई रांगायला लागल्या आणि मी कामाला लागलो. स्वयंपाकघरातल्या फरशीपासून पुढच्या दारापर्यंत आमची ये-जा चाले, मी आणि माझा जुळा भाऊ, डावा. हा डावा पहिल्यापासून कुरकुऱ्या. मी मात्र पुढे पुढे करणारा. बाई पहिल्यांदा धावल्या आणि पडल्या, तेव्हाही पुढे मीच होतो. सालटे निघाले. बाईंच्या आईने मला पाण्याने धुतले आणि खाली वाकून हळूच फुंकर घातली. ती फुंकर मला अजून आठवते. कारण त्यानंतर पुष्कळ वर्षे कोणी घातली नाही.

आमच्या घरामागे एक डोंगर आहे. चढायला दोन तास लागतात. वाट वळणावळणाची, एकूण सव्वीस वळणे. बाई चोवीस वर्षांच्या होत्या तेव्हा दोन पाहुणे त्या वाटेवर हरवले आणि दुसऱ्या दिवशी सापडले. बाईंच्या मनाला ते लागले. ज्यांच्या हातात ब्रश आहे त्यांच्या घरामागे माणसे वाट चुकतात, हे त्यांना पटेना. त्यांनी पांढऱ्या रंगाचे दोन डबे पाठीवर घेतले आणि वळणावळणाला थांबून खडकांवर बाण काढले. तेव्हापासून दर वर्षी त्या बाणांना नवा हात देणे हे बाईंचे व्रतच झाले. चढायचे, समोर खडक आला की मला टेकवून बसायचे, बाण रंगवायचा, उठायचे, पुढच्या वळणाला लागायचे. एका दिवसात सव्वीस उठबशा, पाठीवर ओझे घेऊन.

डबे रिकामे झाले की बाई उतरत. उतरत कसल्या, पळत सुटत. डोंगराच्या माथ्यावरून थेट पायथ्याच्या पाण्याच्या टाकीपर्यंत एक उभी घळ आहे. तिला सगळे सरळसोट म्हणतात. ती वळणांच्या वाटेला जागोजागी कापत खाली जाते. बाईंच्या धाकट्या भावाने काही हौशी मंडळी जमवून डोंगरमंडळ काढले होते. दर रविवारी ही मंडळी वर जात. या भावानेच एक प्रथा पाडली. परतताना सरळसोटाने शर्यत लावायची. जो शेवटी टाकीपाशी पोचेल, त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांच्या पिशव्या वाहायच्या.

बाईंनी वीस वर्षांत एकदाही पिशव्या वाहिल्या नाहीत. मंडळात नवा आलेला एक शिंपी त्यांना एकदा म्हणाला होता, "ताई, चढायला तुमचे बाण आहेत. उतरायच्या खुणा कुठे दिसत नाहीत हो."

"उतरायला खुणा कशाला?" बाई हसल्या. "टाकी वरूनच दिसते की. नाकासमोर बघायचं आणि सुटायचं."

सगळे हसले. खरे सांगतो, मीसुद्धा मनातल्या मनात हसलो होतो. कारण त्या दिवसांत माझे फार कौतुक होई. 'ताईंचे गुडघे म्हणजे लोखंड आहे लोखंड,' असे कोणीतरी म्हणे आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसे. डावा मला सांगे, अरे, आपण लोखंड नाही, आपल्या आत एक मऊ गादी आहे, ती झिजते. मी त्याला भित्रा म्हणत असे.

मित्रांनो, डावा बरोबर बोलत होता. चढताना दम लागतो तो छातीला, म्हणून सगळ्यांना वाटते की कष्ट चढण्यातच आहेत. पण उतरताना प्रत्येक पावलाला अख्खे अंग वरून खाली येते आणि ते झेलतो आम्ही. पळत उतरले, पाय ताठ ठेवला, पाठीवर ओझे असले, तर तो भार कितीतरी पटींनी वाढतो. घरातली सगळी माणसे एकदम एकाच खाटेवर धपकन बसावीत, तसे ते असते. आणि हे एकदा नाही, पायथ्यापर्यंत हजार वेळा.

मी खुणावले नाही असे नाही. जिना उतरताना करकर आवाज केला. बाई म्हणाल्या, "तेल संपलेलं दिसतंय," आणि तशाच खाली गेल्या. रविवारी संध्याकाळी मी सुजू लागलो. त्यांनी ब्रश पुसायचे फडके घट्ट बांधले आणि सोमवारी पुन्हा टेकवून बसल्या. तेव्हा मला वाईट वाटले. एवढी वर्षे राबलो आणि शेवटी वाट्याला आले ते रंगाचे फडके.

गेल्या वर्षी बाईंची भाची सात वर्षांची झाली. भावाची मुलगी, एकुलती एक. तिने वर्षभर एकच धोशा लावला होता. "आत्या, मला तुझे बाण बघायचेत." शेवटी एका रविवारी मंडळाला सुट्टी होती, तेव्हा बाई, भाऊ आणि ती पोर असे तिघेच निघाले. पोरीने वर जाताना सव्वीसच्या सव्वीस बाण मोजले. प्रत्येक बाणावर तळहात ठेवून पुढे गेली. बाईंची छाती अभिमानाने फुगली होती, आणि खोटे का बोला, माझीही.

माथ्यावर पोचलो आणि धुके उतरले. हात लांब केला तर बोटे दिसेनात, इतके दाट. टाकी दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

"ताई, सरळसोटानंच जाऊ," भाऊ म्हणाला. "डोळे मिटूनही उतरशील तू."

"चल. पोरीला मध्ये घे."

दगड ओले होते. पंधरा-वीस पावले गेलो असू. पोरीचा पाय निसटला आणि ती घसरत बाईंच्या बाजूने खाली जाऊ लागली. बाईंनी झेप घेतली. एका हाताने तिचा दंड धरला आणि सगळा भार उजव्या पायावर आला. पाय ताठ होता, पाऊल दोन दगडांत अडकले होते, वरचे अंग मात्र वळले. माझ्या आत काहीतरी कट्कन वाजले. मी आयुष्यात पहिल्यांदा बाईंना धरू शकलो नाही. त्या खाली बसल्या. पोरीचा दंड मात्र त्यांनी सोडला नव्हता.

पोरीला खरचटलेही नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले. मी भोकातून टरटरून बाहेर आलो होतो. ती वाकली आणि तिने मला फुंकर घातली. दुखणे खोल आत होते, तिथवर ती फुंकर पोचण्यासारखी नव्हती. तरी मला बरे वाटले, हे मी कबूल करतो.

बाईंना उभे करून, भावाच्या खांद्यावर हात टाकून, बसत-घसरत आम्ही कसेबसे घळ वळणांच्या वाटेला कापते तिथपर्यंत आलो. आता या वाटेने सावकाश जायचे असे ठरले. पण वाट कुठल्या बाजूला वळते, ते धुक्यात कळेना. भाऊ चार पावले इकडे जाऊन आला, चार पावले तिकडे. समोर खडक होता. त्याच्यावर नुसते शेवाळ होते.

"आत्या, तुझे बाण कुठे गेले?" पोरीने विचारले.

"इथेच असायला हवा एक," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

पोर खडकाला वळसा घालून पलीकडे गेली. "सापडला. हा इथे आहे. आपल्याकडे पाठ करून बसलाय."

बाईंनी खडकाच्या शेवाळलेल्या, कोऱ्या बाजूवरून हात फिरवला. पंचवीस वर्षे त्या चढताना बाण काढत आल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक बाण खडकाच्या खालच्या अंगाला होता, वर जाणाऱ्याला दिसेल असा. खाली येणाऱ्यासाठी त्या अख्ख्या डोंगरावर एकही खूण नव्हती. म्हणून तर सगळे सरळसोटाने पळत होते. त्या दिवशी प्रत्येक खडकामागे पोरीने पळत जाऊन बघायचे, बाण कुठे रोखलाय ते सांगायचे आणि आम्ही त्याच्या उलट्या दिशेने जायचे, असे करत चार तासांनी टाकी आली. मी ठणकत होतो. पण वाटेत बाई मला विव्हळत धरून बसल्या नाहीत. त्या प्रत्येक खडकाची वरची बाजू निरखत होत्या.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझा फोटो उजेडासमोर धरला. "गादी बरीच झिजली आहे. त्यात आता ही दुखापत. तीन महिने व्यायाम करून बघू. नाहीच सुधारला, तर सांधा बदलायचा विचार करावा लागेल."

बदलायचा. मित्रांनो, तुमच्यासमोर बसून कोणी तुम्हाला बदलायचे म्हणाले तर कसे वाटेल? पोलादी सांध्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. ज्यांचे दुखणे हाताबाहेर गेले त्यांना ते चालते करतात, हे पुण्याचेच काम आहे. पण मी बाईंबरोबर रांगलो होतो. मला माझी जागा सोडायची नव्हती.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, डोंगर?"

"ते मला नका विचारू. यांना विचारा," असे म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केले.

व्यायाम शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. बारीक चणीच्या, पण शिस्तीच्या पक्क्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि दहा आकडे मोजायचे. खुर्चीवरून हात न लावता उठायचे, बसायचे. मांडीचे स्नायू बळकट झाले की भार ते घेतात आणि गुडघ्याचे ओझे हलके होते, असे त्यांनी समजावून सांगितले. मी तर मॅडमच्या पाया पडायला तयार होतो. पण बाई म्हणजे बाई. चार दिवस केले, पाचव्या दिवशी कंटाळल्या. तिसऱ्या आठवड्यात एका शाळेची लांबलचक पाटी आली आणि या शिडीवर चढल्या, उतरल्या, मला टेकवून दोन तास बसल्या. संध्याकाळी मी भोपळ्याएवढा झालो होतो.

तीन महिन्यांतले वीस दिवस असे वाया गेले. आता आपले दिवस भरले, असे मी डाव्याला सांगून टाकले. गंमत म्हणजे कुरकुऱ्या डावा त्या दिवसांत अवाक्षर बोलत नव्हता. माझा अर्धा भार तो गुपचूप उचलत होता.

मॅडम बाईंच्या पाट्या रंगवायच्या कार्यशाळेत आल्या. सूज पाहिली. रागावल्या नाहीत. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाट्या एकेक करून वाचू लागल्या.

"ताई, तुम्ही लिहिलेलं लोक पाळतात का हो?"

"न पाळून जातील कुठे?" बाई ताठ होऊन म्हणाल्या. "माझी अक्षरंच तशी असतात."

"मग एक पाटी मलाही हवी आहे. लिहून द्याल?"

"सांगा."

"उजवा पाय सरळ. टॉवेल दाबा. दहा मोजा. दिवसातून तीन वेळा. घाई करू नये. गुडघा टेकून बसू नये."

बाईंनी मान वर केली. चोरी पकडली गेली होती. पण काम म्हटल्यावर काम. त्यांनी पत्रा घासला, खडू लावलेला दोरा ताणून रेघा मारल्या आणि निळ्या रंगात, काळ्या किनारीत, ती पाटी लिहिली. मॅडमनी पाटी नेलीच नाही. दाराच्या आतल्या बाजूला, बाईंच्या डोळ्यांसमोर टांगली आणि निघून गेल्या.

बाई कोणाच्या बापाचे ऐकायच्या नाहीत, पण स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी मोडणे त्यांना जमले नाही. दुसऱ्या दिवसापासून टॉवेल सुरू झाला. कंटाळा आला की त्या पाटीकडे बघत, ओठ चावत आणि दहापर्यंत मोजत. खालची कामे आता पाटी उंच टेबलावर ठेवून होऊ लागली. अगदीच टेकावे लागले तर माझ्याखाली जुनी जाड उशी येई. एकोणपन्नास वर्षांत मला मिळालेले ते पहिले अंथरूण.

दीड महिन्यानंतर मॅडमनी कार्यशाळेच्या तीन पायऱ्यांवर उतरणे शिकवायला घेतले. दोन काठ्या आधी खाली टेकवायच्या. मग पाऊल. पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, ताठ कधीच नाही. बाई तीन पायऱ्या चढत आणि उतरत, चढत आणि उतरत. एकदा हे चालू असताना भाऊ येऊन उंबऱ्यावर बसला.

"ताई, ती शर्यत मीच काढली होती."

"तू काढलीस. पळत तर मीच होते."

"पोरीला काही झालं असतं तर? आणि तुझा पाय... मी ती शर्यत बंद करतोय."

बाईंनी काठी खालच्या पायरीवर टेकवली, पाऊल ठेवले, मग बोलल्या. "बंद नको करूस. उलटी कर. जो पहिला पोचेल, त्याने पिशव्या उचलायच्या."

भाऊ बराच वेळ हसत होता आणि मध्येच त्याने डोळे पुसले.

तीन महिने पूर्ण झाले. डॉक्टरांनी मला वाकवले, सरळ केले, बाजूने दाबले. मी श्वास रोखून धरला होता.

"झिजलेली गादी काही परत येत नाही," ते म्हणाले. "पण यांच्याभोवती तुम्ही स्नायूंची चांगली फौज उभी केलीत. राहू दे यांना. व्यायाम चालू ठेवायचा, आणि पळायचं नाही."

त्याच महिन्यात आम्ही डोंगर चढलो. बाईंच्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली होती. रंगाचे डबे भावाकडे, उशी भाचीकडे. निघण्यापूर्वी बाईंनी टाकीपाशी दहा मिनिटे पाय मोकळे केले. लोक बघत होते, बघोत बापडे. या वेळी डब्यांत पांढरा रंग नव्हता, पिवळा होता. बाई आधी माथ्यावर गेल्या आणि तिथून खाली येताना काम सुरू केले. खडक आला की भाची उशी ठेवी, बाई मला तिच्यावर अलगद टेकवत आणि खडकाच्या वरच्या अंगाला खाली जाणारा बाण काढत. मग भाची चार पावले वर जाऊन बघे. "दिसतोय," असे ती म्हणाली की मगच आम्ही पुढे निघत असू.

सरळसोटाच्या तोंडाशी एक पाटी लावायची होती. पत्रा घरूनच रंगवून आणला होता, अक्षरे तेवढी बाकी होती.

"मोठ्या अक्षरांत 'धोका' असं लिही," भाऊ म्हणाला.

"धोका लिहिलं की तुझ्यासारखे मुद्दाम जातात." बाईंनी थोडा विचार केला आणि लिहिले: 'वळणांच्या वाटेने हळू उतरा. टाकी कुठे पळून जात नाही.'

दोन दिवस लागले सव्वीस बाणांना. पूर्वी एका दिवसात होत, पण त्या हिशोबाचा आता कोणाला हव्यास नव्हता. दुसऱ्या दिवशी शेवटचा बाण झाला तेव्हा डोंगरमंडळही वरून उतरत होते, पिवळ्या बाणांनी, एकामागून एक. नव्या नियमाची पहिलीच वेळ. टाकी वीस पावलांवर होती आणि कोणी पुढे होईना. जो तो बुटाची नाडी बांधत बसला. शेवटी तो शिंपी पुढे झाला, म्हणाला, "मीच उचलतो पिशव्या. मला घरी जायचंय."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुमचे गुडघे अजून नवे आहेत, त्यांना काही सांगायची गरज वाटत नसेल. तरी ते करकरले, सुजले, तर त्यांना हसण्यावारी नेऊ नका. डोंगरावर जरूर जा. पाठीवर कमी घ्या, हातात काठी घ्या आणि उतरताना पावले लहान टाका. वर जाण्याची तयारी सगळेच करतात. थोडी घरी परतण्याचीही करत जा.

त्या संध्याकाळी बाई टाकीच्या कठड्यावर बसल्या. भाची शेजारी पाय हलवत होती. बाईंनी वाकून माझ्याकडे पाहिले. या विजारीलाही भोक पडलेच होते, पण त्यांनी त्यावर आधीच एक ठिगळ लावून घेतले होते. त्यांनी त्या ठिगळावर आपला तळहात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दुखलास का रे?"

मला बोलता येत नव्हते. मी दुखलो नाही, एवढेच करू शकलो. त्यांच्या हाताचा पिवळा ठसा त्या ठिगळावर उमटला. विजार त्यानंतर पुष्कळदा धुतली गेली, पण तो ठसा अजून गेलेला नाही.